रुपयाचा अभ्यास भोसरीपर्यंत यावा

रुपया किती पेन्सांचा असावा, यावर १९२५ साली देशात मोठा वाद पेटला होता. मुंबईच्या गिरणीमालकांना १ शिलिंग ४ पेन्सचा स्वस्त रुपया हवा होता, सरकारचा कल १ शिलिंग ६ पेन्सकडे होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्या वेळी वेगळाच प्रश्न पुढे आणला. रुपया उतरला की निर्यातदाराचा नफा वाढतो. तो येतो कोणाच्या खिशातून? भाव आधी चढतात आणि मजुरी मागाहून, म्हणजे मधली तूट मजूरच भरतो. १९२३ मध्ये लंडनला ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ प्रसिद्ध करणारा हा अभ्यासक आपला विचार घेऊन नियतकालिकांत लिहीत होता, चलनप्रश्नावरच्या हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष देत होता. १९२७ च्या कायद्याने अखेर १ शिलिंग ६ पेन्सचा दर ठरवला.

त्या वेळी वादाच्या केंद्रस्थानी गिरण्या होत्या. आज पुण्याजवळच्या चाकण किंवा भोसरीतल्या एखाद्या डायकास्टिंगच्या शेडमध्ये जाऊन पाहावे. ॲल्युमिनियमचे इनगॉट भारतातल्याच कारखान्याचे, बिलही रुपयांतले. तरी त्यांचा भाव लंडन मेटल एक्स्चेंज आणि डॉलर या दोहोंच्या तालावर हलतो. मालकाने आयात केलेली नसते, निर्यातही केलेली नसते, पण डॉलरची झळ त्याला लागतेच. त्याचा माल घेणारी मोठी कंपनी कच्च्या मालाच्या दरातला फरक बहुतेकदा तिमाही उलटल्यावर देते. इनगॉटचे पैसे मात्र आजच मोजावे लागतात. मधल्या दिवसांचे कॅश क्रेडिटचे व्याज शेडमालकाच्याच माथी, आणि ते सोसायचे म्हणून कंत्राटी कामगाराची पगारवाढ पुढे ढकलली जाते. मे २०१३ मध्ये अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हने रोखेखरेदी आवरती घेण्याचे नुसते सूतोवाच केले, तर ५५ च्या आसपासचा डॉलर ऑगस्टअखेर ६८ रुपयांपलीकडे गेला. वॉशिंग्टनमधल्या एका वाक्याने भोसरीतल्या कोटेशनचा हिशेब मोडतो तो असा.

हे समजावून सांगणारी माणसे आपल्याच जिल्ह्यात आहेत. गोखले अर्थशास्त्र संस्था १९३० पासून पुण्यात आहे, १९६९ साली स्थापन झालेली बँकव्यवस्थापनाची राष्ट्रीय संस्थाही इथेच आहे. त्यांचे संशोधन बहुतांशी इंग्रजी नियतकालिकांतून अभ्यासकांपुरते फिरते. भारतीय अर्थविज्ञानवर्धिनीची ‘अर्थबोधपत्रिका’ जगभरचे अर्थविचार मराठीत नेटाने आणते. एवढ्या मोठ्या औद्योगिक पट्ट्याला ती एकटी कशी पुरणार? २००८ च्या आगेमागे देशातल्या कित्येक छोट्या निर्यातदारांनी नीट न उमगलेल्या चलन-करारांवर सह्या केल्या आणि चलनांचे दर उलटे फिरल्यावर जबर तोटा सोसला. कराराचा सौदा पटवायला माणूस दारात आला होता. धोका सांगायला कोणी आले नाही.

म्हणून या संस्थांनी दर तिमाहीला रुपया, धातूंचे भाव आणि व्याजदर यांवर मराठीत चार पाने काढावीत आणि ती उद्योजक संघटनांबरोबर कामगार संघटनांनाही द्यावीत. शेडवाल्यांनीही आपली बिले, पैसे हातात पडल्याच्या तारखा आणि पगारवाढीच्या नोंदी नावे झाकून अभ्यासकांपुढे ठेवाव्यात. रुपया उतरल्यावर मजुरी किती महिन्यांनी वाढते, हे त्या नोंदींवरूनच मोजता येईल.