‘बिचारी’ म्हणू नका, सोय मागा

जुन्नरमधल्या माझ्या भाचीला डाऊन सिंड्रोम आहे. मोहल्ल्यात सगळे तिला ‘बिचारी’ म्हणतात, काहीजण बहिणीला दोष देतात. कारण साधे आहे: 21व्या गुणसूत्राची एक जादा प्रत. हे 1959 सालीच सिद्ध झाले. दोष आईचा नाही, नजरेचाही नाही.

अशा जवळपास निम्म्या मुलांना जन्मतः हृदयविकार असतो. वेळीच शस्त्रक्रिया होऊ लागल्यावर प्रगत देशांत त्यांचे सरासरी आयुष्य साठीपर्यंत पोहोचले. बोलण्या-चालण्याचे उपचारही पहिल्या वर्षापासूनच हवेत. त्यासाठी बहीण लेकराला घेऊन एसटीने पुण्याला जाते. दिवसाची मजुरी बुडते.

2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात गरीब ग्रामीण कुटुंबांना जवळच मोफत आरोग्यसेवेची तरतूद आहे. मग उपचारतज्ज्ञ आठवड्यातून एकदा जुन्नरला, घोडेगावला का येऊ नये? ही मागणी आपण सर्वांनी मिळून करू या.