मारकी शेळी आणि पावणेचार मीटर

शेळीपालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक प्रश्न ठरावीक काळाने उगवतोच. एक शेळी फार मारकी आहे, बाकीच्यांना गव्हाणीला तोंड लावू देत नाही, काय करावं? उत्तरंही ठरलेली. काही म्हणतात, तिला बाजार दाखवा. उरलेले म्हणतात, शिंगं कापा. या सदराच्या वाचकांना माझी खोड ठाऊक आहे. सगळे एका सुरात सल्ला देऊ लागले की मला आधी सल्ल्याचा संशय येतो, मग देणाऱ्यांचा. शेळीची बाजू इथे कुणीच ऐकलेली नाही, तेव्हा तिचं वकीलपत्र आज मी घेतो.

शेळ्यांच्या कळपात उतरंड असतेच. वय, अंगलट, शिंगं यांवरून ती ठरते, आणि एकदा ठरली की वरच्या शेळीने नुसती मान फिरवली तरी खालची बाजूला होते. म्हणजे शिंगं मारण्यापेक्षा धाकाच्याच कामी जास्त येतात. पण धाक चालायचा तर खालच्या शेळीला हटायला जागा हवी. ती नसली की ढुशी बरगडीत बसते, गाभण शेळीच्या पोटात बसते, दुभतीच्या कासेवर बसते. उस्मानाबादीत हे जास्त जाणवावं, कारण बोकड बहुतेक शिंगाळ, पण शेळ्यांत शिंगाळ आणि बोडक्या दोन्ही. (जिल्ह्याचं नाव २०२३ मध्ये धाराशिव झालं, शेळी उस्मानाबादीच राहिली. तिच्यासाठी अजून कुणी मोर्चा काढलेला नाही.) गव्हाणीवर शेळ्या एकमेकींना किती अंतरावर सहन करतात, हे स्वित्झर्लंडच्या संशोधकांनी मोजून पाहिलं आहे. करडं असल्यापासून एकत्र वाढलेल्या शेळ्या जवळजवळ उभ्या राहून खातात, मोठेपणी एकत्र आणलेल्या तसं खात नाहीत. आपले छोटे कळप मात्र बहुधा बाजारातूनच जुळवलेले, दोन इथल्या, तीन तिथल्या. त्यातली सर्वांत वरची विकली तर दोन नंबरची तिच्या जागी येते. तिच्याऐवजी नवी आणली तर सगळी मारामारी पहिल्यापासून सुरू.

शिंगं कापण्याचं म्हणाल, तर शिंग म्हणजे वाढलेलं नख नव्हे. वरचं कवच नखासारखं, पण आत हाडाचा जिवंत, रक्ताने भरलेला गाभा. मोठ्या शेळीचं शिंग मुळापासून काढलं की कपाळाच्या हाडातली पोकळी उघडी पडते. रक्तस्राव होतो, माश्या बसतात, अळ्या पडतात. शिंगं रोखायचीच तर करडू काही दिवसांचं असताना कोंब डागतात. तेही काम पशुवैद्यकाचं, कारण करडाची कवटी पातळ असते आणि बधिर करण्याच्या औषधाची मात्रा जरा चुकली तर करडू जातं. मग बोडक्यांचाच कळप का पैदा करू नये? युरोपातल्या सानेनसारख्या जातींत हा प्रयोग आपोआप होऊन गेला. बोडकीला बोडकाच बोकड दाखवत राहिलं की काही माद्या अर्धवट नराच्या अंगाने, वांझ निपजतात. त्यामागचा जनुकीय दोष फ्रेंच संशोधकांनी २००१ मध्ये शोधून काढला.

आता माझी खरी तक्रार. मनरेगातून शेळीपालन शेडला पैसे मिळतात, ही चांगलीच गोष्ट. पण २०२१ च्या शासन निर्णयातलं माप वाचा. १० शेळ्यांना ७.५० चौरस मीटर निवारा 'पुरेसा', लांबी ३.७५ मीटर, रुंदी २ मीटर. एका शेळीला गव्हाणीवर ४० ते ५० सेंटिमीटर लागतात, असं पशुसंवर्धनाची पुस्तकंच सांगतात. लांब भिंतीला पूर्ण गव्हाण बांधली तरी वाट्याला साडेसदतीस येतात. म्हणजे सगळ्या बोडक्या आणि स्वभावाने संत असल्या तरी दहावी शेळी पंगतीबाहेर. त्यात एक शिंगाळ आली की दोघी-तिघी बाहेर. ही शेड रात्रीपुरती, दिवसभर शेळ्या चरायला जातात, असं कुणी म्हणेल, आणि ते खरंही आहे. पण संध्याकाळचा खुराक, उन्हाळ्यातला वाळला चारा, पावसाच्या झडीतले दिवस, हे सगळं त्याच साडेसात अपुऱ्या चौरस मीटरांच्या आत उरकायचं असतं, आणि टकरी होतात त्या नेमक्या खुराकाच्या वेळी.

जागा वाढवायची तर पैसा लागतो, हा आक्षेप खोटा नाही. स्विस लोकांनी तर २५ नोव्हेंबर २०१८ ला यावर देशभर मतदान घेतलं. शिंगं राखलेल्या गाई-शेळ्या पाळणाऱ्याला सरकारने अनुदान द्यावं का, असा प्रश्न. आर्मिन कापॉल नावाच्या शेतकऱ्याने तो लावून धरला होता. सुमारे ५५ टक्के लोक 'नाही' म्हणाले. हरला बिचारा, पण शिंगांचा प्रश्न शेवटी जागेच्या खर्चाचा असतो एवढं तरी तिथे उघडपणे बोललं गेलं. आपल्याकडे तेवढा खर्च जमत नसेल तर जमण्यासारखं पुष्कळ आहे. खुराकाच्या अर्ध्या तासापुरतं मारकीला दाव्याला बांधा. गव्हाणीत मधे आडोशाच्या फळ्या ठोका, म्हणजे शेजारणी एकमेकींना दिसत नाहीत. पाला एका जागी न टाकता तीन-चार ठिकाणी टांगा. एक ओटा करा, बोडकी त्यावर चढून सुटते. कोपऱ्यात अडकायला होईल असा गोठा ठेवू नका. मारकीला एकटीला दूर कोंडण्यात अर्थ नाही; ओरडून ती गोठा डोक्यावर घेते आणि परतल्यावर हिशेब नव्याने मांडते.

एवढं करूनही गाभण शेळ्यांना हेरून मारणारी एखादी निघतेच. तिला विका, माझी हरकत नाही. मात्र बाजारात 'गरीब आहे हो, पोरसुद्धा बांधेल' म्हणून खपवू नका. तुमच्या दावणीची मारकी बहुधा असंच ऐकून आलेली असते.