केबल कापून ताप उतरत नाही

ताप आला की लोक पॅरासिटामॉल घेतात. तापमापीतला आकडा खाली येतो. मलेरिया असेल तर तो मात्र अंगात तसाच राहतो. ओपीडीत हे रोज समजावणारा मी, हॅम रेडिओच्या छंदात मात्र बरीच वर्षे नेमकी हीच चूक करत होतो. मीटरवरचा आकडा उतरावा म्हणून केबल फूट-फूट कापत होतो.

रेडिओ सेट आणि गच्चीवरचा अँटेना यांना जोडणारी केबल म्हणजे कोॲक्स. अँटेना केबलशी जुळला नाही, तर पाठवलेल्या शक्तीचा काही भाग परत फिरतो. किती, ते ‘एसडब्ल्यूआर’ हा आकडा सांगतो. १ म्हणजे काहीच परतत नाही, ३ म्हणजे २५ टक्के परतते.

अमेरिकेतल्या ट्रकचालकांच्या सीबी रेडिओबरोबर एक समज रूढ झाला: केबल १८ फूटच हवी. हा आकडा आला कुठून? २७ मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ११ मीटर. तिची निम्मी म्हणजे १८ फूट. अर्ध्या लहरीइतकी केबल असेल तर अँटेनाचा अवरोध सेटच्या टोकाला जसाच्या तसा दिसतो, हे खरे. पण १८ फूट हे माप हवेतले आहे. नेहमीच्या पॉलिथिनच्या केबलमध्ये लहर प्रकाशाच्या ६६ टक्के वेगानेच जाते, म्हणून तिथे अर्धी लहर १२ फुटांतच पूर्ण होते. ज्या नियमाचा आधार घेतला, तोच १८ फुटांना लागू पडत नाही!

मुळात एसडब्ल्यूआर ठरतो तो अँटेना आणि केबल यांच्या जुळणीवर. शक्ती वाया न घालवणाऱ्या चांगल्या केबलमध्ये तो या टोकापासून त्या टोकापर्यंत जवळजवळ सारखाच असतो.

‘पण डॉक्टर, लांबी बदलली की आमचा मीटर खरेच बदलतो!’ बदलतो, आणि त्याची दोन मुख्य कारणे आहेत. पहिले, केबल स्वतःच शक्ती खाते. समजा अँटेनाचा एसडब्ल्यूआर ३ आहे आणि लांब केबल निम्मी शक्ती उष्णतेत जिरवते. १०० वॉट पाठवले तर अँटेनापाशी पोहोचतात ५०. त्यातले साडेबारा परत फिरतात आणि वाटेत पुन्हा निम्मे होतात. सेटजवळचा मीटर सुमारे १.७ दाखवतो. आपण खूश, बाहेर पडतात मात्र ३८ वॉटही नाहीत. हे वेदनाशामक झाले, उपचार नव्हेत.

दुसरे, गाडीच्या पत्र्याशी अँटेनाच्या बुडाचा संपर्क नीट नसेल, तर केबलच्या जाळीच्या बाहेरच्या अंगावरून प्रवाह वाहू लागतो. मग केबलच अँटेनाचा भाग बनते आणि तिची लांबी महत्त्वाची ठरते. त्याच केबलचा एक-दोन फुटांचा तुकडा मध्ये जोडून पाहा. आकडा उडी मारत असेल तर दुखणे बहुधा इथे आहे. जोड घासून साफ करा, अँटेनाजवळ केबलची काही वेटोळी घाला. माझ्या गच्चीवर मूळ दोष निघाला तो अँटेनाच्या बुडाशी गंजलेल्या जोडात.

लांबी कधीच मोजायची नाही, असे नव्हे. दोन अँटेना एकत्र चालवताना किंवा केबलचा तुकडाच जुळणीसाठी वापरताना माप काटेकोर लागते. एरवी केबल गरजेपुरती आणि चांगल्या प्रतीची असावी, एवढेच. १४५ मेगाहर्ट्झवर बारीक आरजी-५८ केबल ३० मीटर टाकली, तर निम्म्याहून जास्त शक्ती अँटेनापर्यंत पोहोचतच नाही.

हा निव्वळ छंदाचा वाद नाही. १९९३च्या किल्लारी आणि २००१च्या भुज भूकंपानंतर हॅम मंडळींनी निरोप पोहोचवले. अशा वेळी सुंदर आकडा दाखवणारा, पण आवाज पुढच्या गावापर्यंत न नेणारा सेट काय कामाचा? मीटर सेटपाशी नव्हे, अँटेनापाशी लावून पाहा, आणि पावसाळ्यापूर्वी एकदा गच्चीवर चढून जोड तपासा. कातरी नंतर उचला.