इन्सुलिन वाढलंय? मग लिव्हरकडेही बघा

गेल्या महिन्यात एक गृहस्थ रिपोर्टांची जाडजूड फाइल घेऊन आले. वय ४२, बसून करायची नोकरी, पोट थोडे सुटलेले. 'फुल बॉडी चेकअप'च्या पॅकेजमध्ये त्यांची उपाशीपोटीची इन्सुलिनची तपासणी झाली होती आणि आकड्यासमोर ठळक अक्षरांत 'हाय' छापले होते. शुगर मात्र काठावर होती. उपाशीपोटी १०८, एचबीए१सी ५.९.

"डॉक्टर, माझं स्वादुपिंड जरा जास्तच काम करतंय वाटतं. इन्सुलिन कमी करायची एखादी गोळी द्या ना."

मी फाइल चाळत सोनोग्राफीचा कागद काढला. शेवटच्या ओळीत लिहिले होते, 'ग्रेड १ फॅटी लिव्हर'.

"ते होय? ते दोन वर्षांपूर्वीही होतं. काही नाही, सगळ्यांनाच असतं असं सांगितलं होतं मला."

'काही नाही, सगळ्यांनाच असतं' असे सांगणाऱ्या डॉक्टरांमध्ये मीही बरीच वर्षे होतो. आज मला ते चूक वाटते. त्या गृहस्थांचे वाढलेले इन्सुलिन आणि सोनोग्राफीतली ती शेवटची ओळ या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत.

नळ आणि मोरी

बाथरूममध्ये पाणी साचले तर आपण दोन गोष्टी बघतो. नळ मोठा सुटलाय का, आणि मोरी तुंबली आहे का? रक्तातल्या इन्सुलिनचेही तसेच आहे. स्वादुपिंडातल्या बीटा पेशी हा नळ. आणि मोरी? ती मुख्यतः यकृत, म्हणजे आपले लिव्हर.

स्वादुपिंडातून निघालेले इन्सुलिन सरळ अंगभर पसरते असे अनेकांना वाटते. तसे होत नाही. ते आधी पोर्टल व्हेन या मोठ्या शिरेतून थेट लिव्हरमध्ये जाते. तिथे पहिल्याच फेरीत साधारण निम्मे इन्सुलिन लिव्हर काढून घेते आणि उरलेले पुढे हृदयाकडे व तिथून शरीरभर जाते. त्यातलाही बराच भाग नंतर किडनी साफ करते. म्हणूनच किडनी बिघडलेल्या मधुमेहींमध्ये इन्सुलिनचे इंजेक्शन जास्त वेळ टिकते आणि डोस कमी करावा लागतो.

लिव्हरच्या पेशीवर इन्सुलिनसाठी खास जागा असतात. त्यांना रिसेप्टर म्हणतात. इन्सुलिन तिथे चिकटते, 'साखर बनवणे थांबव' असा निरोप देते आणि मग रिसेप्टरसकट पेशीच्या आत ओढले जाते. आत त्याचे तुकडे होतात, रिसेप्टर पुन्हा वर येतो. म्हणजे निरोप घेणे आणि निरोप्याला निकालात काढणे ही दोन्ही कामे एकाच ठिकाणी होतात. रक्तातले इन्सुलिन पाच-सहा मिनिटांत निम्मे होते ते यामुळेच.

मोरी का तुंबते?

वजन वाढते, विशेषतः पोटाच्या आतली चरबी वाढते, तेव्हा त्या चरबीतून सुटणारी फॅटी ॲसिड्स त्याच पोर्टल शिरेतून लिव्हरवर येऊन आदळतात. लिव्हरमध्ये चरबी साठू लागते. अशा लिव्हरची इन्सुलिन काढून टाकण्याची क्षमता कमी होते. इन्सुलिन पेशीच्या आत ओढण्याच्या कामात सीकॅम-१ नावाचे एक प्रथिन मदत करते आणि लठ्ठपणात तेही कमी पडते. उंदरांच्या लिव्हरमध्ये हे प्रथिन निकामी केले, तेव्हा इन्सुलिनचा निचरा मंदावला, रक्तातले इन्सुलिन वाढले आणि पाठोपाठ लिव्हरमध्ये चरबीही आली.

पुढचा भाग जास्त त्रासदायक आहे. साचलेल्या इन्सुलिनचा 'साखर बनवणे थांबव' हा निरोप फॅटी लिव्हर नीट ऐकत नाही, पण 'चरबी बनव' हा निरोप मात्र इमानेइतबारे पाळते. म्हणजे चरबीमुळे इन्सुलिन साचते, साचलेल्या इन्सुलिनमुळे आणखी चरबी होते. चक्र सुरू झाले की ते आपोआप थांबत नाही.

काही तज्ज्ञांच्या मते निचरा मंदावणे ही सुरुवातीला शरीराने केलेली सोयच असते. नळ मोठा न सोडता जास्त इन्सुलिन मिळते, स्वादुपिंडाला थोडी विश्रांती मिळते. काहींच्या मते बिघाडाची सुरुवातच इथून होते. कोणतीही बाजू घेतली तरी रुग्णाच्या दृष्टीने अर्थ एकच: लिव्हरमधली चरबी हे मधुमेहाच्या वाटेवरचे ठिकाण आहे आणि परत फिरायचे असेल तर इथूनच फिरणे सोपे आहे.

मग इन्सुलिनची तपासणी करावी का?

माझे मत स्पष्ट आहे. सरसकट करू नये. रक्तातले इन्सुलिन मोजल्याने नळ किती सुटलाय आणि मोरी किती तुंबली आहे हे वेगळे कळत नाही. नळाचा अंदाज घ्यायचा तर सी-पेप्टाइड तपासतात. ते इन्सुलिनच्या बरोबरीने, तितक्याच प्रमाणात स्वादुपिंडातून बाहेर पडते, पण लिव्हर त्याला फारसा हात लावत नाही. तीही तपासणी ठरावीक रुग्णांमध्येच लागते, सगळ्यांना नाही.

त्यापेक्षा मोठा धोका चुकीच्या आनंदाचा आहे. मधुमेह जुना होत जातो तसे स्वादुपिंड थकते आणि इन्सुलिन आपोआप खाली येते. केवळ तो आकडा पाहून कुणी 'सुधारणा झाली' म्हणाले तर ती फसवणूक ठरते. शुगर वाढत असताना इन्सुलिन कमी होणे ही वाईट बातमी आहे.

आणि उलट टोकही पाहिले आहे. 'इन्सुलिन म्हणजेच वाईट' असे कुठेतरी ऐकून एका मावशींनी आपले इंजेक्शनच बंद केले आणि चारशेच्या वर शुगर घेऊन त्या आल्या. ज्यांचे स्वादुपिंड थकले आहे त्यांना बाहेरून इन्सुलिन लागतेच. फॅटी लिव्हरवर उपाय म्हणून इंजेक्शन सोडणे म्हणजे मोरी तुंबली म्हणून घराचे पाणीच तोडणे.

'मी तर जाड नाही'

हे वाक्य मी आठवड्यातून चारदा ऐकतो. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचेच उदाहरण छापले होते. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी ब्रिटिश डॉक्टरांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! आपण भारतीय काट्यावर सडपातळ असलो तरी आतून चरबीदार असू शकतो. म्हणून वजनाइतकेच महत्त्व कमरेला द्या. पुरुषांची कंबर ९० आणि स्त्रियांची ८० सेंटीमीटरच्या आत हवी. मानेवर मखमलीसारखा काळसर पट्टा दिसत असेल तर घासून तो जाणार नाही. बहुतेक वेळा ती वाढलेल्या इन्सुलिनची खूण असते.

चांगली बातमी

लिव्हरमधली चरबी येते हळूहळू, पण उतरते लवकर. इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या प्रा. रॉय टेलर यांनी २०११ मध्ये ११ मधुमेहींना दिवसाला सुमारे ६०० कॅलरींचा आहार दिला. एका आठवड्यात लिव्हरमधली चरबी सुमारे ३० टक्क्यांनी घटली आणि उपाशीपोटीची शुगर नॉर्मलला आली. पुढे २०१७ च्या 'डायरेक्ट' या मोठ्या अभ्यासात, मधुमेह होऊन सहा वर्षांच्या आत असलेल्या रुग्णांपैकी वजन उतरवण्याच्या गटातले ४६ टक्के लोक वर्षभराने औषधांशिवाय मधुमेहाच्या रेषेखाली होते. असा कडक आहार घरच्या घरी करू नका, तो डॉक्टरांच्या देखरेखीखालीच होता. पण दिशा कळते. वजन उतरले की लिव्हरची इन्सुलिन साफ करण्याची क्षमताही सुधारते.

माझ्या रुग्णांना मी एवढेच सांगतो:

- आहे त्या वजनाच्या पाच टक्के आधी उतरवा. ८० किलोच्या माणसाला हे फक्त ४ किलो आहेत.
- साखरेचा चहा, सरबते, कोल्ड्रिंक आणि बेकरीचे पदार्थ आधी कमी करा. दारू पूर्ण बंद.
- उपवास म्हणून साबुदाणा खिचडी आणि वेफर्स खाल्ले तर लिव्हरच्या दृष्टीने तो उपवास नव्हे.
- रोज अर्धा तास भरभर चालणे, आणि आठवड्यातून दोनदा स्नायूंना ताण देणारा व्यायाम.
- मधुमेह आणि फॅटी लिव्हर दोन्ही असेल तर 'फिब-४' काढून घ्या. वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट यांवरून लिव्हर कडक होत चालले आहे का, याचा अंदाज येतो. एसजीपीटी नॉर्मल असले म्हणून निर्धास्त राहू नका.
- चालू औषधे किंवा इन्सुलिन स्वतःच्या मनाने बंद करू नका. वजन उतरू लागले की डोस आम्हीच कमी करतो.

त्या गृहस्थांना मी गोळी दिली नाही. कमरेभोवती टेप लावली, ९८ सेंटीमीटर भरली. तो आकडा त्यांच्याच फाइलवर लिहून दिला आणि तीन महिन्यांनी टेप घेऊनच या म्हटले. इन्सुलिन पुन्हा तपासायचे नाही असेही सांगितले. ते थोडे नाराज झाले, पण जाताना त्यांनी सोनोग्राफीचा कागद फाइलच्या तळातून काढून सगळ्यात वर ठेवला. माझ्यासाठी तेवढी सुरुवात पुरेशी आहे.

तुमच्याही फाइलमध्ये अशी एखादी शेवटची ओळ असेल. आज काढून वाचा. आणि पुढच्या वेळी डॉक्टर 'काही नाही' म्हणाले, तर 'मग ते कमी करायला काय करू?' एवढे विचारायला विसरू नका. तो डॉक्टर मी असलो तरी.