बावीसची बाजू

आधीच कबूल करते. मी कॉन्व्हेंटवाली, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाचं संपादकांनी बघून घ्यावं. पण मेसमधला वाद अर्धवट राहिलाय आणि तो मला इथे पूर्ण करायचाय.

जिमखान्यात शूटिंग सुरू करायचं घाटतंय हे कळल्यावर मेकॅनिकलचा एक मित्र म्हणाला, "पॉइंट टू टू? ते तर लेडीज काडतूस! रायफल कशी, खांद्याला दणका बसला पाहिजे." सगळे हसले. मीही हसले, पण रात्री झोप येईना.

मी नेकनूरची. आमच्या बीड जिल्ह्यात बंदूक म्हटलं की कंबरेचं पिस्तूल आणि हवेतला बार आठवतो. २०२५ साली इथले शेकडो शस्त्रपरवाने रद्द झाले. त्यामुळे मी रायफलचं नाव काढलं तेव्हा आई म्हणाली, "आधीच आपल्या जिल्ह्याचं नाव काय कमी आहे का?" आबांकडे मात्र पूर्वी रानडुकरांसाठी बारा बोर होती. तिची लाथ बसून खांदा कसा निळा पडायचा हे ते अजून कौतुकाने सांगतात. म्हणजे दणका हीच बंदुकीची किंमत, हे माझ्याही डोक्यात लहानपणापासून बसलेलं.

ते एनसीसी कॅम्पमध्ये उतरलं. पाच गोळ्या मारल्या, ग्रुप असा पसरला की उस्तादांनी कपाळाला हात लावला. मग त्यांनी मला न सांगता रिकामी रायफल हातात दिली. मी ट्रिगर दाबला, नुसतं खट् झालं... आणि नळीचं टोक खाली गेलं! गोळीच नव्हती तर धक्का कुठला? तो माझ्या खांद्यातच होता. येणाऱ्या दणक्याच्या भीतीने मी आधीच रायफल ढकलत होते.

आता थोडं फिजिक्स. बावीसची गोळी साधारण २.६ ग्रॅमची, वेग सेकंदाला ३३० मीटरच्या आसपास. ८ किलोच्या मॅच रायफलला त्यामुळे मागे मिळणारा वेग सेकंदाला जेमतेम ११ सेंटिमीटर. त्याच वजनाच्या रायफलीतून ७.६२ ची ९.३ ग्रॅमची गोळी ८४० मीटर वेगाने सोडली, तर दारूच्या वायूंचा हिशेब सोडूनसुद्धा हा वेग नऊपट होतो, आणि ऊर्जा ऐंशीपटीच्या वर! गोळी नळीतून बाहेर पडायच्या आधीच रायफल हलायला लागते, आणि ५० मीटरवर दहाचं वर्तुळ असतं १०.४ मिलिमीटरचं, शर्टाच्या बटणाएवढं. शिवाय साठ गोळ्या मारायच्या असतात. दणका एकदा सहन करणं वेगळं, साठ वेळा त्याची वाट न बघणं वेगळं.

बावीसमध्येही जास्त वेगाचं काडतूस चांगलं असं नाही. मॅचची काडतुसं मुद्दाम आवाजाच्या वेगाखाली ठेवतात. शिवाय एकाच कंपनीचे वेगवेगळे लॉट आपल्या नळीतून मारून बघावे लागतात, कारण प्रत्येक नळीची आवड वेगळी. (आमच्या मेसच्या भाजीसारखं नाही, जे येईल ते गिळा.)

आणि 'लेडीज' म्हणाल तर ऐका. २०१० मध्ये म्युनिकला कोल्हापूरची तेजस्विनी सावंत ५० मीटर प्रोनमध्ये विश्वविजेती झाली, ती याच काडतुसावर. १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ४५१.४ गुणांनी ऑलिंपिक ब्राँझ घेतलं, तेही याच काडतुसावर. त्याला कोणी लेडीज म्हणून दाखवावं. ३०० मीटरला बावीस पुरत नाही, मान्य. पण तिथेही ७.६२ सोडून ६ मिलिमीटरकडे वळलेले नेमबाज पुष्कळ आहेत, आणि त्यात कमी धक्क्याचा वाटा मोठा आहे. आपल्याकडे तर ७.६२ आणि .३०३ ही लष्करी बोअरची काडतुसं साध्या परवान्यावर मिळतच नाहीत, म्हणजे मेसमधली अर्धी चर्चा हवेतलीच.

जिमखान्याला माझं म्हणणं एवढंच, आधी ४.५ मिलिमीटरच्या दोन एअर रायफली घ्या. १० मीटरची जागा वर्कशॉपच्या मागे सहज निघेल. मागे भक्कम भिंत आणि पेलेट अडवायची पेटी मात्र हवीच. तिथून बावीसकडे जाऊ, तेही एनसीसीच्या रेंजवर.

दिवाळीत आबांना बावीसची रिकामी केस दाखवायची होती, पण कॅम्पवर मोजून परत द्यावी लागते. शेवटी करंगळीचं पेर दाखवलं. आबा म्हणाले, "एवढंसं? मग नेम धरायला वेळ मिळत असंल बघ तुला."