दीडशेचा भाग, सहा हजारांचा दंड

गेमपॅडच्या स्टिकला ‘ड्रिफ्ट’ येणे म्हणजे काय, हे या पत्रकाच्या वाचकास समजावून सांगण्याचे प्रयोजन नाही. ज्या घरात कन्सोल आहे त्या घराने हा मनस्ताप भोगलेलाच आहे. माझ्या पुतण्याचा गेमपॅड, वॉरंटीची एक वर्षाची मुदत संपून अवघे अकरा दिवस झाले असता, मी गेल्या पंधरवड्यात अधिकृत सेवाकेंद्रात नेला, तेव्हा तो उघडूनही न पाहता ‘हा दुरुस्त होत नाही, नवा घ्या’ असे फर्मान मिळाले, आणि नव्याची किंमत सहा हजारांच्या घरात सांगण्यात आली. तोच गेमपॅड लॅमिंग्टन रोडवरील एका कारागिराने दीडशे रुपयांचा भाग घालून, मजुरीसह पाचशेत, माझ्यासमोर चालू करून दिला. ‘होत नाही’ हे धडधडीत असत्य होते. करावयाचे नाही, एवढेच खरे.

स्टिकच्या बुडाशी दोन पोटेन्शिओमीटर असतात, एक आडव्या हालचालीसाठी व दुसरा उभ्या. त्यांत कार्बनच्या पट्टीवरून धातूची बारीक जीभ प्रत्येक हालचालीसरशी घासत जाते, त्या घर्षणाने पट्टी झिजते, भुकटी साचते, आणि अखेरीस अंगठा उचललेला असतानाही पडद्यावरचा खेळाडू आपल्या मर्जीने चालू लागतो. ही झीज रचनेतच अंतर्भूत आहे. ब्रेकचे रबर झिजणारच हे ओळखून सायकल बनवणाऱ्याने ते पान्याने सुटेल असे बसवले. येथे मात्र हमखास झिजणारा भाग सोल्डरच्या चौदा टाक्यांनी बोर्डाला जखडून ठेवतात, आणि मग तो निघत नाही अशी सबब सांगतात! उपाय ठाऊक नव्हता म्हणावे, तर चुंबकीय क्षेत्रावर चालणारा, काहीही न घासणारा हॉल इफेक्ट १८७९ पासून ज्ञात आहे, आणि १९९८ साली जपानात विक्रीस आलेल्या ड्रीमकास्टच्या गेमपॅडमध्ये तो वापरलाही होता.

‘मुले आपटतात हो,’ असे काउंटरवरून ऐकवले जाते. आपटल्याने कवच फुटते. कार्बनची पट्टी झिजते ती खेळल्याने, आणि खेळण्यासाठीच हा जिन्नस विकला गेला आहे. ‘शेवटी खेळणेच ना?’ हा दुसरा प्रश्न तर अधिक संतापजनक. पगारदार कुटुंबाने हप्त्यांवर घेतलेली वस्तू तिच्या उपयोगावरून क्षुल्लक ठरवण्याचा अधिकार विक्रेत्यास कोणी दिला? हीच तुच्छता परदेशी कायद्यांतही शिरली आहे: अमेरिकेतील मिनेसोटा व कॅलिफोर्निया या राज्यांनी २०२३ साली दुरुस्तीच्या हक्काचे कायदे केले, आणि दोन्हींतून गेम कन्सोल नेमके वगळले. आपल्याकडे केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल उघडले खरे. परंतु माहिती देणे निराळे आणि सक्ती करणे निराळे.

आमची मागणी अल्प आहे: स्टिक स्क्रू काढून बदलता यावी, आणि तिचा सुटा भाग वाजवी दरात कोणासही विकत मिळावा. तोपर्यंत, वाचकहो, ‘दुरुस्त होत नाही’ हे उत्तर तोंडी स्वीकारू नका; ते कारणासह लेखी मागा, आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा.