पोट मऊ, वेदना मात्र असह्य

वृद्ध माणसाचे पोट एकाएकी दुखू लागले की घरात प्रथम ओवा-हिंग निघते. बहुधा तेवढ्याने भागतेही. परंतु हृदयाचे ठोके अनियमित पडत असतील, तर घरगुती उपायांत वेळ दवडू नये. हृदयात साकळलेली गुठळी सुटून आतड्याला रक्त पुरविणाऱ्या धमनीत अडकू शकते. हा विकार विरळा, पण काही तासांत आतडे निर्जीव करणारा. उलटी-जुलाबांमुळे तो अपचनासारखा भासतो. रुग्ण तळमळत असतो आणि पोट दाबून पाहावे तर सुरुवातीला मऊ! साधी सोनोग्राफी येथे पुरेशी नसते. धमन्यांचा सीटी अँजिओग्राम लागतो. रुग्णालयात पोहोचताच ठोक्यांचा विकार सांगावा. रक्त पातळ करणारी गोळी चुकली असल्यास तेही, कोणी विचारण्याची वाट न पाहता.